स्टेशन दाराशी आलं

३ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे केस पिकले, थोरली सासरी गेली, साइटवर लोक तुला साहेब म्हणतात, तरी माझ्या हातून कागदावर ढब्बूच उतरतो. त्याला इलाज नाही. पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन सोडून कागद हाती घेतला त्याला कारण आहे. आमची जागा म्हणजे दीड खोली. मी कितीही हळू बोलले तरी यांना ऐकू जातं. डोळे गेल्यापासून कान असे तिखट झालेत की शेजारच्यांनी दूध उतू घालवलं तरी आधी यांना कळतं. आणि मला जे सांगायचंय ते यांच्या कानावर जायला नको. पत्र तेवढं यांना वाचता येत नाही. असं लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

मेट्रोचं स्टेशन एकदाचं सुरू झालं. आमच्या फाटकासमोरच सरकता जिना. या स्टेशनासाठी मीच दारोदार सह्या गोळा करत फिरले होते, हे तू अजून चिडवतोस. तेव्हा यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोन बसगाड्या आणि मध्ये उन्हात ताटकळणं. स्टेशन होईस्तोवर डॉक्टरांनीच सांगून टाकलं की आता यायचं काही कारण नाही.

स्टेशन आलं आणि त्याच्या मागून बाकी सगळं आलं. जुने घरमालक वारल्यापासून त्यांचा मुलगा कारभार बघतो. परवा तो आला होता. फार गोड बोलतो. शिव्या देणारा असता तर बरं झालं असतं, मलाही दोन हासडता आल्या असत्या. म्हणाला की करार संपला की भाडं जवळजवळ दुप्पट होईल, आणि तेही थोड्या दिवसांसाठीच, कारण स्टेशनाजवळ आता जास्त मजले चढवायची परवानगी मिळते, तेव्हा ही इमारत पाडून मोठी बांधायचा विचार आहे. हे त्या वेळी जिन्याखालच्या आपल्या कोपऱ्यात वेताची खुर्ची विणत बसले होते. मी त्याला गच्चीवर नेऊन बोलले. खाली आल्यावर यांना सांगितलं की तो पाण्याची टाकी बघायला आला होता.

वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली आहे. इस्पितळात एक्स-रे काढते. घरमालकाच्या मुलाने तोंडाला येईल ते भाडं मागितलं आणि तिने ब्र न काढता दिलं. तिथूनच त्याच्या तोंडाला रक्त लागलं. ती जिन्यात भेटली की हसते. मी पिशवीत काहीतरी शोधू लागते.

आणखी एक सांगायचंय. गेल्या थंडीत यांच्या छातीत कफ झाला आणि हे बरेच दिवस अंथरुणाला खिळले. तेवढ्यात कोपऱ्यावरचं लोखंडी सामानाचं दुकान बंद झालं. यांनी विचारलं तेव्हा आजारी माणसाला कशाला, म्हणून मी म्हटलं की आहे ना, म्हातारा नेहमीसारखा गल्ल्यावर पेंगतोय. मग एकावर एक चढत गेलं. चांभार गेला, वह्या-पेनांचं दुकान गेलं, न्हावी गेला. संध्याकाळी आम्ही हातात हात घालून बागेपर्यंत जातो. हे विचारतात की आज कोण काय करतंय, आणि मी सगळी दुकानं एकेक करून उघडते. लोखंडवाल्याच्या जागी आता उंच स्टुलांचं कॉफीचं दुकान आहे. मी मात्र त्या म्हाताऱ्याला रोज नवीन शर्ट घालते.

तू अशा इमारती बांधतोस. आम्ही काय करावं ते लिही. फोनवर चकार शब्द काढू नकोस.

वहिनीला माझी आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

११ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवरच्या शेडमध्ये, सिमेंटच्या पोत्यावर बसून वाचलं. मी सुपरवायझर झालो तरी तुझ्या अक्षरापुढे अजून पाटीवर शुद्धलेखन लिहायला बसल्यासारखं वाटतं.

आधी कामाचं. कशावरही सही करू नकोस. तो कितीही गोड बोलला तरी जे बोलतो ते लिहून दे म्हणावं. करार किती काळाचा आहे ते बघ. नव्या इमारतीत भाड्याने जागा देणार का, निदान दुसरीकडे जायचा खर्च देणार का, ते विचार. विचारलं नाही तर कोणी आपणहून देत नाही, हे मी रोज बघतो.

दुसरं, आमच्याकडे या. थोरलीची खोली रिकामीच आहे. तुझी वहिनी म्हणते की भाऊजींच्या खुर्च्यांसाठी मागचा व्हरांडा देऊ.

तिसरं लिहू की नको, असं झालंय, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कोणाशी? त्या वरच्या मुलीवर राग धरू नकोस. तिने भाडं दिलं म्हणून भाडं वाढलं नाही. माणसं जास्त आणि घरं थोडी, म्हणून वाढलं. इथेही मेट्रोच्या शेजारीच आमची इमारत चढते आहे. रविवारी जोडपी येतात, प्लास्टर न झालेल्या खोलीत उभी राहतात आणि हवेत हात करून सांगतात की इथे पलंग, इथे पाळणा. त्यांनाही कुठेतरी राहायचंच आहे ना? बांधायचं थांबवलं तर आहे ती घरं आणखी महाग होतील. मला एवढंच कळतं.

आणि भाऊजींशी जे चाललंय ते जपून कर. त्यांना तू ओळखतेस त्यापेक्षा मी जास्त ओळखत नाही, पण वेत भिजला की नाही हे जो माणूस बोटाने सांगतो, त्याला गल्ली बदललेली कळणार नाही, असं मला तरी वाटत नाही.

रागावशील, ते चालेल. लोभ मात्र होता तसा असू दे.

तुझा,
ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद दिले ते रीत म्हणून. पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी भावाला विचारलं आणि उत्तर आलं बिल्डरचं. तुझी ती हवेत पलंग मांडणारी जोडपी सुखात राहोत. आमचा पलंग खराखुरा आहे आणि तो उचलून कुठे न्यायचा, हा माझा प्रश्न होता.

तुझ्याकडे येणार नाही. तुझा राग म्हणून नव्हे. तुझ्या घरी हे पाहुणे होतील. कोणीतरी उठवेल, कोणीतरी न्हाणीघरापर्यंत नेईल, कोणीतरी व्हरांड्यात नेऊन बसवेल. इथे हे एकटे बाहेर पडतात. फाटकाची कडी काढली की डाव्या हाताला दगडी भिंत, ती संपली की उतार, उताराच्या शेवटी रद्दीवाल्याचा ओलसर वास, तिथे वळलं की बाग. मी सकाळी लाँड्रीत इस्त्रीला जाते तेव्हा मागे यांची काळजी नसते. हा माणूस या गल्लीत आंधळा नाही रे. दुसरीकडे नेलं तर होईल.

आणि गंमत बघ, जी नवी माणसं आली, त्यांनाच वेताच्या खुर्च्यांचं वेड आहे. त्यांच्या आजोबांच्या मोडक्या खुर्च्या माळ्यावरून काढून आणतात. यांच्याकडे कधी नव्हे इतकं काम आहे. यांच्या हाताला काम देणारे तेच आणि पायाखालची जमीन काढणारेही तेच. मी कोणाला दोष देऊ?

घरमालकाचा मुलगा पुन्हा येऊन गेला. येताना फळं घेऊन आला. तू सांगितलंस तसं लिहून मागितलं. म्हणाला की लिहून देतो, पण बांधणारा मिळाला आहे, तेव्हा जूनअखेर जागा रिकामी लागेल. नव्या इमारतीत जागा मिळेल का विचारलं तर मान खाली घालून म्हणाला की काकू, तिथलं भाडं तुम्हाला परवडायचं नाही. मग त्याने त्याच्या बहिणींच्या वाटण्या सांगितल्या, आईच्या औषधपाण्याचं सांगितलं. सगळं खरंच असणार. त्याचं खरं, तुझं खरं, आणि या दोन खऱ्यांच्या मध्ये आमचं भरीत.

न्हावी गावाला गेलाय असं यांना सांगून ठेवलंय. केस मीच कापते. एका बाजूला जरा जास्तच गेले.

उपयोगाचं काही सुचलं तरच लिही. नाहीतर कागद वाया घालवू नकोस.

अक्का

९ एप्रिल

प्रिय मेव्हणेबुवा,
स. न. वि. वि.

अक्षर माझं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी बोलतो आहे आणि वरच्या मजल्यावरची एक्स-रेवाली मुलगी लिहिते आहे. तुमची बहीण लाँड्रीत गेली आहे. तुम्हा बहीणभावांची पत्रं चालतात ती मला कळतात. पाकीट फाडल्याचा आवाज होतो, मग बराच वेळ काही नाही, आणि मग ही मला ढब्बूने काय लिहिलंय ते वाचून दाखवते. त्यात तुमच्याकडच्या हवापाण्याखेरीज काही नसतं. इतकी पानं भरून हवापाणी कोणी लिहीत नाही.

मी सरळच सांगतो. घर जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टाकी बघायला आलेला माणूस जिना उतरताना उसासे टाकत नाही. लोखंडवाल्याचं दुकान गेलं, हेही माहीत आहे. तिथून गंजाचा आणि तेलाचा वास यायचा, आता भाजलेल्या कॉफीचा येतो. न्हाव्याचा रेडिओ बंद आहे. न्हावी गावाला गेला तर जाऊ दे, माझ्या कानामागे कात्री कोणाची चालते ते मला कळत नाही का? तीस वर्षं याच हातांनी माझ्या शर्टाची बटणं शिवली आहेत.

मग मी बोललो का नाही? संध्याकाळी ही दुकानं उघडते ना, तेव्हा तिचा आवाज बदलतो. दिवसभर तो दाबलेला असतो. त्या अर्ध्या वाटेत ती म्हाताऱ्याची टोपी रंगवते, चांभाराची भांडणं सांगते, स्वतःच हसते. तेवढा वेळ तिला काळजी नसते. ते मी कसं हिसकावून घेऊ? गल्ली तिला माझ्यासाठी सांगायची नसते, तिला स्वतःलाच ऐकायची असते, असं माझं मत झालं आहे.

आता कामाचं. मार्चमध्ये एक दिवस मी चुकलो. रस्त्यात पत्रे उभे केले होते, भिंतीचा हात सुटला, आणि मी भलतीकडे गेलो. भोवती नुसता लोकांचा लोंढा. कुठे आहे ते कळेना. मेव्हणेबुवा, इतकी भीती मला डोळे गेले त्या दिवशीही वाटली नव्हती. तेवढ्यात या मुलीने मागून काका म्हणून हाक मारली. मी स्टेशनात पोचलो होतो. ती कामावर निघाली होती. तिने मला खाली वाकून जमिनीला हात लावायला सांगितला. फरशीवर उंचवट्याची पट्टी आहे, बोटाला वेताच्या विणीसारखी लागते. ती पट्टी धरून चाललं की गाडीच्या दारापर्यंत जाता येतं. गाडीत बाई प्रत्येक स्टेशनाचं नाव सांगते, तेही न चिडता.

त्यानंतर ही मुलगी मला अधूनमधून नेते. गेल्या आठवड्यात शेवटच्या स्टेशनापर्यंत मी एकटा जाऊन आलो. तिथे घरं स्वस्त आहेत म्हणतात. या मुलीचंही भाडं पुन्हा वाढवलं आहे, तीही त्या बाजूला जागा शोधते आहे. तिने तळमजल्यावरची एक जागा माझ्यासाठी पाहून ठेवली आहे. तुम्ही येऊन ती बघा. भिंती, ओल, पाणी, यातलं तुम्हाला कळतं. तुमच्या बहिणीला अजून काही सांगू नका. मी योग्य वेळ बघून सांगेन.

आपला स्नेह वेतासारखा राहो. वाकला तरी न मोडणारा.

आपला,
भाऊजी

ता. क. मी लिहिणारी. काकांनी हे लिहायला सांगितलेलं नाही. काकू माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटलं होतं, इथे सगळेच एवढं भाडं देतात. मला कोणी सांगितलंच नाही. पगारातला निम्मा त्यातच जातो. तुम्ही याल तेव्हा त्यांना एवढं सांगाल का?

१५ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. भाऊजींचं पत्र आलं. त्यांनी त्या वरच्या मुलीकडून लिहवून घेतलं. तुला सांगू नका, असं त्यांनी बजावलं आहे. गुपितं ठेवायला माझं पोट ऐसपैस आहे, पण हे त्यात राहिना. तुम्ही दोघं एकाच खोलीत एकमेकांपासून लपून बसलात, आणि दोघांच्या लपायच्या जागा मला ठाऊक, हे मला सोसत नाही.

त्यांना सगळं ठाऊक आहे. घराचं, दुकानांचं, न्हाव्याचंही. पहिल्यापासून. तू गल्ली सांगतेस तेव्हा तुझ्या जिवाला बरं वाटतं, म्हणून ते गप्प राहिले. त्यांचं पत्र सोबत पाठवतोय. माझ्या शब्दांत सांगायची माझी छाती नाही. शेवटी त्या मुलीच्या चार ओळी आहेत, त्याही वाच.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तिघं मिळून ती जागा बघू. तोवर माझ्यावर रागावून घे, भाऊजींवर नको.

माया असू दे, बोलणी खायला मी येतोच आहे.

ढब्बू

२४ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तू घरी सुखरूप पोचलास, हे वहिनीच्या फोनवरून कळलं. तुझ्यासमोर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

यांचं पत्र मी लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने वाचलं. वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जाळली. इतके दिवस रोज संध्याकाळी मी टोप्या आणि शर्ट रंगवत होते आणि हे शेजारी चालत मनात काय म्हणत असतील! भर रस्त्यात पदर सुटल्यासारखं झालं. दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. यांनीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी फिरायला निघालो तेव्हा यांनी नेहमीसारखं विचारलं की आज म्हातारा काय करतोय. मी म्हटलं की म्हातारा नाही, दुकान नाही, तिथे पोरंपोरी उंच स्टुलांवर पाय लोंबकळत बसलीत. हे थांबले. म्हणाले की कळलं तर तुला. मग मी रस्त्यातच इतकी भांडले की ती स्टुलावरची पोरं वळून बघायला लागली. यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले की तू खोटं बोललीस त्याचा राग नाही, पण भीती तू एकटीने वाहिलीस त्याचा आहे. मी म्हटलं की तुम्ही तरी काय वेगळं केलंत? स्टेशनात चुकलात, तो दिवस मला का सांगितला नाहीत? 

मग त्या मुलीकडे गेले. दार उघडलं तर चटई, सुटकेस आणि एक पंखा, दुसरं सामान नाही. मी भांडायचा सगळा मजकूर घेऊन चढले होते, आणि विचारलं काय, तर जेवलीस का. ती रडायलाच लागली. मीही लागले. खरं तर मी तिच्याशी वाईट वागले. ते तिला तसं सांगितलं.

जागा तू बघितलीसच. न्हाणीघरामागची ओल तू दाखवलीस आणि मालकाकडून दुरुस्ती कबूल करून घेतलीस, त्याबद्दल तुला मार्क. पण मला ती जागा आवडली नाही, हे आता तुला सांगते. चौफेर वारा, कुठे झाड नाही, सगळ्या इमारती एका साच्यातल्या, निम्म्या अजून बिनरंगाच्या. तिथे कोणाच्या घरी वेताची खुर्ची असेल? शेजारचं दार उघडून एकही माणूस बाहेर आलेला दिसला नाही. हे मात्र गाडीत माझ्याआधी चढले, खांब धरला, आणि मला प्रत्येक स्टेशन सांगत होते. जणू मलाच दिसत नव्हतं.

मी हो म्हटलं. दुसरं होतंच काय?

तुझ्या जोडप्यांना घरं मिळोत. मी आता मनापासून म्हणते आहे. फक्त कधी पाया खणताना एवढं मनात आण की तिथे आधी कोणीतरी राहत होतं.

माया आहेच, ती गाडी बदलत नाही.

अक्का

८ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सामान हलवलंत, एवढं कळलं आणि मग तुझं काहीच नाही. आता तर भाऊजींपासून लपवायचं काही उरलं नाही, तरी फोनवर तू नुसती ठीक आहे म्हणतेस. तुझं ठीक आहे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हात मोडला होता तेव्हाही तू ठीकच होतीस.

इथे पहिल्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं. त्या बाईला मी विचारलं की आधी कुठे होतात. तिने जे सांगितलं ते ऐकून तुझीच आठवण झाली. त्यांनाही कुठूनतरी उठवलंच होतं.

चार ओळी लिही. माझा जीव तिकडे टांगलेला आहे.

तुझा,
ढब्बू

२७ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

चार ओळी मागितल्यास, पण जास्त होतील.

ठीक नव्हतं. लाँड्री सुटली. गर्दीच्या वेळची गाडी मला झेपेना. पहिल्या आठवड्यात मी खिडकीशी बसून नुसत्या इमारती बघायचे आणि यांना सांगायला तोंड उघडायचे, तर सांगण्यासारखं काही दिसायचंच नाही. हे घरात भिंती चाचपत फिरायचे. न्हाणीघराऐवजी कपाटाचं दार उघडायचे, कपाळाला टेंगूळ यायचं, आणि वर मलाच म्हणायचे की भिंतीला लागलं नाही ना बघ. बाहेर पडायचं नाव नाही. जी भीती मी तुला लिहिली होती, तीच समोर बसली होती. जुन्या घराला हिरवी जाळी लागली, असं एक्स-रेवालीने सांगितलं. ती आमच्या अलीकडच्या स्टेशनाजवळ राहते. येताना जुन्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्या घेऊन येते, तेवढंच यांच्या हाताला काम.

काल एका गिऱ्हाइकाची खुर्ची आणायची होती आणि एक्स-रेवालीला इस्पितळातून सुट्टी मिळेना. तर हे सकाळीच म्हणाले की मी जातो. मी नाही म्हटलं, रागावले, मी सोबत येते म्हटलं. हे म्हणाले की तू सोबत आलीस तर मी तुझ्या हाताला धरून जाईन, आणि मग कायम तसाच जाईन. मी पायात सरकवलेली चप्पल काढली. स्टेशनापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही.

दुपारच्या चहाला येतो म्हणाले होते. चहाची वेळ टळली. मी दोनदा आधण ठेवलं आणि दोनदा उतरवलं. शेवटी दाराला कुलूप घालून स्टेशनवर गेले आणि जिन्याच्या आडोशाला उभी राहिले. गाड्या आल्या, माणसं उतरली, गेली. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मग गर्दीतून एक खुर्ची वर आली, पाय आभाळाकडे केलेली, आणि तिच्याखाली हे. खुर्ची डोक्यावर, काठी हातात, आणि लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते.

मी हाक मारणार होते. नाही मारली. का, ते मलाही सांगता येत नाही. थोडं अंतर ठेवून मागून चालायला लागले.

मोठ्या रस्त्यापर्यंत नीट आले. मग आपली गल्ली सोडून पुढच्या गल्लीत शिरले. इथल्या गल्ल्या मलाही सारख्याच दिसतात. मी ओठ दाबून धरले. थोडं गेल्यावर यांना वाटलं असावं की काहीतरी चुकतंय. थांबले. काठीने इकडे तिकडे ठोकून पाहिलं. मग डोक्यावरची खुर्ची उतरवली आणि भर गल्लीत तिच्यावर टेकले. बैठक फाटलेली, म्हणून नुसत्या चौकटीवर. ढब्बू, ते दृश्य मला बघवेना. पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच तर होतं. माझे पाय दोनदा उचलले गेले.

पहिल्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. चिमट्यांचा आवाज ऐकून यांनी मान वर केली आणि तिला विचारलं की पंपघराशेजारची इमारत कुठे. ती खाली आली. यांच्या खांद्याला धरून तोंड फिरवून दिलं, आणि कौतुक म्हणजे तिने खुर्चीबद्दलही विचारलं. तिच्या सासूकडे तशाच दोन आहेत म्हणे. हे तिथेच भाव सांगत उभे राहिले! मी भिंतीआड माझा जीव मुठीत धरून, आणि इकडे धंदा चाललाय.

मग वाट न चुकता आले. पंपाची घरघर ऐकून वळले, दाराशी खुर्ची ठेवली, आणि दार वाजवलं. आत कोण होतं उघडायला? मी मागे उभी. पुन्हा वाजवलं, अगं आलो म्हणून हाक मारली, आणि हात खाली आला तो कुलपाला लागला. हे कुलूप हातात धरून तसेच राहिले. अख्खं शहर एकट्याने ओलांडून आलेला माणूस, डोक्यावर खुर्ची घेऊन, आणि त्या कुलपाने याचा चेहरा पांढराफटक पडला. मी कुठे गेले, मला काय झालं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

मी म्हटलं की मागे आहे. हे वळले आणि विचारलं की केव्हापासून. पाणी आणायला गेले होते, असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की स्टेशनापासून. त्या दुसऱ्या गल्लीतही होते, हेही सांगितलं.

यांनी पुन्हा दाराकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता झालं, दुखावले. मग खुर्ची उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले की एवढी मागून येतच होतीस तर ओझं तरी घ्यायचंस.

मी कुलूप काढलं आणि तिसऱ्यांदा आधण ठेवलं.

तुझी आठवण निघाली होती. पुढच्या वेळी आलास की स्टेशनवर उभा राहा, हे न्यायला येतील.

अक्का